टूथपेस्टने काय घासावं, काय घासू नये: घरातल्या चाचण्यांच्या नोंदी

३ मे

सुरुवात बाबांच्या चष्म्यापासून झाली, म्हणून पहिली नोंद त्याचीच.

उजव्या काचेवर कडेला एक बारीक चरा होता. टूथपेस्टने चरे जातात असं मी कितीतरी वर्षं ऐकत आले होते आणि इतरांना सांगतही आले होते. हरभऱ्याएवढी पेस्ट घेतली, मऊ सुती कापडाने दोन मिनिटं गोल गोल घासली, धुतली. ओली होती तोवर काच अगदी नवी वाटत होती. वाळल्यावर चरा होता तिथेच होता आणि त्याच्याभोवती बोटाच्या पेराएवढा दुधाळ पट्टा उमटला होता. चष्मा तिरका धरला की काचेवर हिरवट झाक दिसायची, ती त्या जागी तुटक झाली होती, जुन्या भिंतीचा रंग पोपडे धरतो तशी.

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री गाडी चालवून घरी आले आणि चष्मा टेबलावर ठेवत म्हणाले, "समोरच्या दिव्यांना पिसारा फुटतोय गं."

मला फार वाईट वाटलं. रात्रीच्या रस्त्यावर त्यांना नीट दिसलं नाही आणि ते माझ्या हातून झालं. आता ठरवलंय: ज्या ज्या वस्तूंवर टूथपेस्ट चालते असं मी आजवर म्हणत आले, त्या सगळ्यांची चाचणी घ्यायची, आणि आधी टाकाऊ वस्तूवर. पेस्ट दर वेळी तेवढीच, कापड तेच, हात किती फिरले ते मोजायचं. वस्तूचा अर्धा भाग चिकटपट्टीने झाकायचा म्हणजे आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी दिसेल. निकाल मात्र पूर्ण वाळल्यावरच बघायचा, दहापट भिंगातून, बाजूने टॉर्च मारून.

४ मे

घरात तीन पेस्ट आहेत. पांढरी दाट ती "अ", पारदर्शक जेल ती "ब", काळी कोळशाची ती "क". तिन्ही डब्यांवरचे घटक वहीत उतरवले. ब्रँड वेगळे असले तरी सांगाडा एकच: घासणारी पूड, ओलावा धरून ठेवणारं सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट, दाटपणासाठी डिंकासारखा एखादा पदार्थ, फ्लोराइड, चव आणि पाणी.

यातलं सफाईचं काम फक्त दोघं करतात. सोडियम लॉरिल सल्फेट हा साबणासारखा पदार्थ तेलकटपणा सोडवतो, आणि पूड घासते. बाकी सगळं दातांसाठी किंवा तोंडाला बरं वाटावं म्हणून आहे. पुदिन्याच्या वासाने वस्तू स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण डागाला त्या वासाचं काही नसतं.

पूड मात्र पेस्टगणिक बदलते. कुठे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. कुठे हायड्रेटेड सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची पूड. कुठे खाण्याचा सोडा, तर काहींत ॲल्युमिना. खडूची बारीक पूड चांदी उजळायला आणि दात घासायला, दोन्हीकडे फार पूर्वीपासून वापरात आहे. दातांचं ते भांड्यांनाही चालेल, हा विचार त्या अर्थाने अगदीच निराधार नाही. पण तेव्हा घरात पॉलिकार्बोनेटसारखं पारदर्शक प्लास्टिक नव्हतं, आणि काचेवर डोळ्यांना न दिसणारे थरही चढवलेले नसत.

५ मे

व्हिनेगरची चाचणी. तीन बशांत तिन्ही पेस्टचा एकेक ठिपका ठेवला आणि ड्रॉपरने वर दोन दोन थेंब सोडले.

"अ" लगेच फसफसली. टॉर्चच्या उजेडात कडेने बारीक बुडबुडे उठताना स्पष्ट दिसत होते, ठिपका सच्छिद्र झाला आणि अर्ध्या मिनिटात पसरला. आम्लात खडू विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच हे. "ब" वर काही नाही. थेंब जेलवरून ओघळून बशीत साचला, म्हणजे तिच्यात खडू नाही; घटकांतही सिलिका आहे. जेल पारदर्शक असण्याचं कारणही तेच: सिलिकाचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, सॉर्बिटॉलच्या पाकाशी जवळजवळ जुळवलेला असतो, त्यामुळे कण असूनही दिसत नाहीत. म्हणूनच "जेल आहे, म्हणजे सौम्य असेल" हा माझा समज खोटा. कण आत आहेतच. "क" वरही बुडबुडे नाहीत. तिच्या घटकांत सिलिका आणि कोळसा दोन्ही लिहिलेले आहेत.

एक सावधगिरी लिहून ठेवते. खाण्याचा सोडा असलेली पेस्टही फसफसते, त्यामुळे बुडबुडे दिसले म्हणजे खडूच असं समजू नये. डब्यावरचं वाचायचं.

६ मे

किती घासते याचं काही माप असेल का, म्हणून वाचत बसले. माप आहे: आरडीए. दाताच्या आतल्या थराचे, म्हणजे डेंटिनचे, तुकडे किरणोत्सारी करतात, त्यावर ब्रश आणि पेस्ट ठरावीक वेळा फिरवतात आणि सुटून आलेल्या चुऱ्यातला किरणोत्सार मोजतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेट हा संदर्भ पदार्थ, त्याचं मूल्य १०० धरलेलं. नुसत्या खाण्याच्या सोड्याचं ७ च्या आसपास येतं. आयएसओ ११६०९ या मानकात पेस्टची वरची मर्यादा २५० आहे. म्हणजे दोन पेस्ट, दोन्ही दातांना सुरक्षित, पण एक दुसरीच्या कितीतरी पट घासणारी असू शकते. माझ्या तीनही डब्यांवर हा आकडा छापलेला नाही.

आणि असता तरी तो डेंटिनचा. चष्म्याच्या प्लास्टिकबद्दल त्यातून काहीच कळलं नसतं. मानक ठरवणाऱ्यांनी दात डोळ्यांसमोर ठेवले होते, आणि ते बरोबरच आहे.

८ मे

कठीणपणाचा दिवस. फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली खनिजांची दहा पायऱ्यांची उतरंड लावली: वरच्या पायरीचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं. टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्ल्युओराइट ४, ॲपेटाइट ५, असं करत हिरा १०. दाताचं बाहेरचं कवच ॲपेटाइटचंच, म्हणून ५ च्या आसपास. खडू हा कॅल्साइटच, म्हणजे ३. सोनं, चांदी आणि तांबं २.५ ते ३ च्या घरात. खिडकीची काच साधारण ५.५. घरगुती प्लास्टिक काचेच्या बरंच खाली.

हे मनात ठेवून चार तुकडे घेतले: खिडकीची काच, तांब्याची पट्टी, ॲक्रिलिक हे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक आणि जुन्या सीडीची चमकती बाजू. प्रत्येकावर तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर एक पेस्ट.

काचेवर "अ" चे दोनशे हात फिरवले. भिंगातून काहीच नाही, आधी होती तितकीच नितळ. "ब" आणि "क" लाही काचेवर मला रेष सापडली नाही. तांबं तिन्हींनी चकचकीत झालं, पण टॉर्च आडवा धरला तर एका दिशेच्या बारीक रेषांची जाळी; "क" ची सर्वांत दाट. ॲक्रिलिकवर दहाव्या हाताला धुकं दिसू लागलं. सीडीवर मी पाच हातांनंतर थांबले, कारण तिथेच तिन्ही पट्टे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. "अ" चा सुद्धा, जिच्यात बिचारा खडू आहे.

आज एक गोष्ट नीट उमगली. मी आजवर नेहमी डागाकडे बघून ठरवत आले: शाई आहे का, काजळी आहे का, गंज आहे का. पेस्टला डाग ओळखता येत नाही. तिच्यासमोर जो वरचा थर येतो तो ती घासते. त्यामुळे वस्तू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा हवा की हिचा सगळ्यात वरचा थर कशाचा आहे आणि तो किती जाड आहे.

९ मे

बाबांच्या चष्म्याचं उत्तर कालच्या प्रयोगातच होतं. काच म्हणतो, पण ते प्लास्टिक. त्यावर चरे पडू नयेत म्हणून कडक लेप आणि त्याच्यावर चकाकी कमी करणारे एकावर एक पातळ थर. हे चकाकीचे सगळे थर मिळूनसुद्धा एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, कमी भरतात. हिरवट झाक दिसते ती त्यांचीच. मी दोन मिनिटं घासून ते थर जागोजागी उडवले. चरा म्हणजे तिथलं द्रव्य गेलेलं. घासून ते परत येत नाही, आजूबाजूचं मात्र कमी होतं. शिवाय चष्म्याचा नंबर काचेच्या वक्रतेत असतो. एका जागी खड्डा पाडला तर नंबरच बिघडायचा.

नवी काच टाकायला दिली. बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग पुसायचा कशाने ते सांग." वाहत्या पाण्याखाली आधी धूळ जाऊ द्यायची, भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच, मग मऊ कापडाने टिपून घ्यायचं. कोरडा पुसायचा नाही, कारण धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते पेस्टपेक्षा वाईट.

११ मे

नळ. पाणी जड असलं की तोटीच्या मुळाशी पांढरा थर जमतो. टूथपेस्टने नळ चमकतो हा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय, म्हणून दोन नळ घेतले. एकाला "अ", दुसऱ्याला पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व.

पेस्टने नळाचा मधला गुळगुळीत भाग खरंच झळाळला. बोटांचे तेलकट ठसे, साबणाचे सुकलेले शिंतोडे गेले. पण मुळाशी जमलेला क्षार जसाच्या तसा, आणि आता त्याच्या खाचेत पेस्टही जाऊन बसली. ती सुकल्यावर थर आधीपेक्षा जाड दिसू लागला. हे व्हायचंच होतं: तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि माझी पेस्टही कॅल्शियम कार्बोनेट. खडू खडूला विरघळवत नाही. पन्नास हातांनंतर मी जुन्या ब्रशने पेस्टच काढत बसले होते.

दुसऱ्या नळाला लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा तुकडा गुंडाळून ठेवला. वीस मिनिटांनी थर मऊ पडून बोटाने निघाला. नंतर भरपूर पाण्याने धुतला, कारण आम्ल फार वेळ राहिलं तर मुलाम्यालाही बरं नाही. हे पाणी संगमरवरावर सांडू द्यायचं नाही. संगमरवर हाही कॅल्साइटच. ५ तारखेला बशीत जे फसफसलं तेच तिथे होईल आणि तिथली झिलई कायमची जाईल. आणि लिंबूसत्त्व असो की व्हिनेगर, ब्लीचजवळ कधीच न्यायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

१२ मे

बुटांचा पांढरा रबरी सोल: तिन्ही पेस्ट छान. रबर जाड आहे, चमक बघायची नाही, थोडं घासलं गेलं तर बिघडत नाही. जुना ब्रश, ओलं कापड, झालं. वरच्या कापडावर मात्र नको, विणीत पेस्ट अडकते आणि सुकल्यावर पांढरी कड राहते.

स्टीलचं सिंक: चालतं, पण पत्र्यावरच्या मूळ रेषांच्या दिशेनेच हात फिरवायचा. मी मुद्दाम एका कोपऱ्यात आडवा फिरवला, तो कोपरा वेगळा दिसतोच.

चहाचे डाग पडलेले चिनी मातीचे कप: गेले. खाण्याच्या सोड्याने तितकेच गेले आणि धुवायला सोपं पडलं. काठाला सोनेरी रेघ असेल तर दोन्ही नको.

नॉनस्टिक भांडं: चाचणी घेतलीच नाही. थर किती पातळ ते माहीत आहे.

१५ मे

चांदी. यासाठी आईने तिची जुनी, काळी पडलेली छोटी वाटी दिली. म्हणाली, "अख्खी चांदीची आहे, मुलाम्याची नाही. बघ तुझं काय ते."

अर्ध्या वाटीला "अ". तिसऱ्या हाताला कापड काळं, दहाव्या हाताला खालून पांढरी चांदी वर आली. बघायला फार समाधानाचं. पण ते काळं म्हणजे नुसती घाण नव्हे. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी जोडली जाऊन चांदीचा सल्फाइड बनतो, तोच हा काळा थर. कापडावर उतरली ती आईची चांदीच होती. भिंगातून त्या भागावर बारीक रेषांचं जाळं दिसतं आणि काठावरच्या नक्षीची पानं झाकलेल्या बाजूपेक्षा किंचित बोथट वाटतात. एकदा केलं तर ठीक, पण दर सणाला नक्षी थोडी थोडी झिजत जाईल. मुलाम्याच्या वस्तूवर तर खालचा धातूच डोकावेल.

उरलेल्या अर्ध्या भागासाठी दुसरी रीत: भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली, वर वाटी फॉइलला टेकवून ठेवली, खाण्याचा सोडा एक मोठा चमचा, वरून कढत पाणी. मिनिटाभरात सडक्या अंड्यासारखा पुसट वास आला आणि काळेपणा ढगासारखा विरत गेला. इथे ॲल्युमिनियम गंधक स्वतःकडे ओढून घेतं आणि चांदी वाटीवरच परत चांदी होते. कापडावर काही उतरलं नाही. फॉइल मात्र डागाळली.

आई शेजारी उभी राहून बघत होती. तिने वाटी उचलून दोन्ही बाजू फिरवून पाहिल्या आणि ज्या बाजूला नक्षी शाबूत होती तिच्यावर अंगठा फिरवला.

जिथे मुद्दाम काळेपणा देऊन नक्षी उठवलेली असते, किंवा मोती, खडे, डिंकाने बसवलेले भाग असतात, तिथे ही रीत वापरायची नाही. मोत्यांना पेस्ट तर अजिबातच नको. त्यांचा कठीणपणा २.५ ते ४.५, आणि चमक सगळी वरच्या थरांतच. ताईच्या हिऱ्याच्या अंगठीचंही सांगून ठेवलं: हिऱ्याला पेस्ट काही करू शकत नाही, पण त्याला धरून ठेवणारं सोनं मऊ आहे. हिरा मंद दिसतो तो हाताच्या तेलकटपणामुळे, आणि तो कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने जातो.

१७ मे

न्हाणीघराचा आरसा धुकटू नये म्हणून पेस्ट चोळायची. चोळली. आरसा धुकटला नाही. शेजारच्या पट्ट्यावर भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून पुसला, तोही धुकटला नाही. काम साबणी थराचं आहे, पाण्याचे थेंब न बनता सपाट पातळ पडदा बनतो. मग कडेच्या फटीत खडू का भरायचा?

१९ मे

भाचीने मेणाच्या रंगांनी भिंतीवर मोठा पक्षी काढलाय. ताई वैतागली होती, मला मात्र आयती चाचणी मिळाली. "मावशी, शेपटी पुसू नकोस हं," अशी अट घालून तिने पंखाचा एक भाग दिला.

ही भिंत धुता येण्याजोग्या चमकदार रंगाची. ओल्या कापडावर थोडी "अ", हलक्या हाताने वीस फेरे. मेण निघालं, रंग टिकला. धुऊन पुसल्यावर नीट. मग हीच गोष्ट जिन्यातल्या मॅट रंगाच्या भिंतीवर, कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी केली. रेघ गेली, पण कापडावर भिंतीचा रंग आला आणि जागा तुकतुकीत झाली. समोरून दिसत नाही, खिडकीकडून तिरपा उजेड आला की चकाकतं. मॅट रंग मॅट दिसतो तोच त्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे. घासलं की ते उंचवटे बसतात आणि तिथून उजेड सरळ परततो. हा डाग पुसून जाणारा नाही, कारण तो डागच नाही. पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते. पांढरे मेलामाइनचे स्पंज मिळतात त्यांचंही असंच, तेही घासूनच काम करतात.

खिळ्यांच्या भोकांत टूथपेस्ट भरतात, त्याची चाचणी आजच लावली. रंग दिलेल्या फळीला तीन भोकं. पहिल्यात पेस्ट, दुसऱ्यात पेस्ट आणि उद्या वरून रंग, तिसऱ्यात भिंतीची पुट्टी. तीन आठवड्यांनी बघणार.

२२ मे

जुना फोन, पडद्यावर नखाला लागेल असा चरा. अर्धा पडदा झाकला, उरलेल्यावर "ब" चे शंभर हात. चऱ्यात काही फरक नाही. फोनची काच रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली असते. तिला पॉलिश करायला सिरियम ऑक्साइडसारखी पूड आणि फिरतं यंत्र लागतं.

खरं नुकसान दुसरीकडे झालं. दोन्ही अर्ध्यांवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. झाकलेल्या बाजूला थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला आणि फोन कलता करताच घरंगळला. घासलेल्या बाजूला तो पसरून चपटा झाला आणि तिथेच चिकटला. बोटांचे ठसे चिकटू नयेत म्हणून दिलेला अदृश्य लेप शंभर हातांत उडाला. पडदा आता आधीपेक्षा लवकर मळतो, म्हणजे पुन्हा घासावंसं वाटणार.

२४ मे

दादाची गाडी. दोन्ही हेडलाइट पिवळट, धुरकट. तो म्हणाला, "डावा तुझ्या टूथपेस्टला दे, उजवा नीट कर." मनासारखी जोडी मिळाली.

हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेटचं. कारखान्यातून येताना त्यावर अतिनील किरण अडवणारा कडक लेप असतो. उन्हाने तो आधी झिजतो, तडकतो, मग खालचं पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं. म्हणजे इथे वरचा थर आधीच मेलेला आहे आणि तो काढायचाच आहे. टूथपेस्टला शोभेल असं काम घरात कुठलं असेल तर हेच.

डाव्याला भोवती चिकटपट्टी लावून "क" ने दहा मिनिटं. पाणी मारलं तेव्हा काच इतकी लखलखीत दिसली की दादाने लगेच फोटो काढला. मी त्याला थांबायला सांगितलं. पाणी बारीक चऱ्यांत भरतं आणि उजेड विखुरणं थांबतं, म्हणून ओली काच नेहमीच खोटं बोलते. चष्म्याला मी तिथेच फसले होते. वाळल्यावर डावा हेडलाइट आधीपेक्षा नक्कीच बरा होता, पिवळेपणा बराच उतरला होता, पण आरपार नितळ नव्हता.

२६ मे

उजवा हेडलाइट. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक) ८०० नंबर, सतत पाणी टाकत, आडवा हात. मग १५०० उभा, मग २००० पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीच्या कागदाच्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. ८०० नंतर काच गोठलेल्या बर्फासारखी पांढरी झाली आणि दादाचा चेहरा उतरला. २००० नंतर धुकं पातळ झालं, रबिंग कंपाउंड या पॉलिशच्या लेपाने स्वच्छ. शेवटी स्पिरिटने पुसून अतिनीलरोधक क्लिअर लेप दिला आणि सावलीत वाळू दिला. अडीच तास गेले.

वॉटर पेपरवर नंबर असतो, म्हणून कुठून कुठे जायचं ते कळतं. टूथपेस्ट हा नंबर नसलेला पॉलिश पेपर आहे. कोणता कण, किती जाड, काही लिहिलेलं नाही, आणि पुढची पायरीही नाही.

२९ मे

सीडी. चरा पडलेली, अडखळणारी. चमकत्या बाजूचं पॉलिकार्बोनेट १.२ मिमी जाड आहे आणि माहितीचा थर त्याच्या पलीकडे, छापील बाजूला. म्हणून इथे घासायला थोडी जागा आहे. केंद्रातून कडेकडे, सरळ रेषेत घासलं, गोल नाही. गोल रेष माहितीच्या मार्गाला समांतर जाते आणि एकाच जागची सलग माहिती झाकते. आडवी बारीक रेष ओलांडताना जेवढं गळतं तेवढं सीडीची चूक दुरुस्त करणारी पद्धत भरून काढते. एक सीडी वाजली, दुसरी नाही. दोन्हींवर रेषांचं दाट जाळं आहे. वाजली तिची लगेच प्रत काढून ठेवली. छापील बाजूला चरा असेल तर हात लावू नये, तिथे माहितीवर फक्त वार्निशसारखा पातळ थर असतो.

१ जून

लाकडावरचं पांढरं कडं. पॉलिश केलेल्या फळीच्या तुकड्यावर गरम, ओल्या बुडाचा पेला वीस मिनिटं ठेवून मुद्दाम दोन कडी पाडली. पांढरं कडं म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. काळं असेल तर पाणी लाकडात पोचलं.

पहिल्यावर पेस्ट: कडं पुसट झालं आणि पॉलिशही. आता तिथे मंद गोल पट्टा आहे आणि लाकडाच्या रेषांत पांढरे ठिपके, टाचणीने काढावे लागले. दुसऱ्यावर सुती कापडाची घडी आणि मंद इस्त्री, एका वेळी चार-पाच सेकंद. तिसऱ्यांदा कापड उचललं तेव्हा कडं दिसेना. ओलावा होता, तो उडून गेला.

इस्त्री ठेवताना माझं बोट भाजलं. आई धावत टूथपेस्टच घेऊन आली, तिच्या मनात मायाच होती. मी बोट सरळ नळाखाली धरलं आणि वीस मिनिटं धरून ठेवलं. भाजल्यावर पेस्ट लावायची नाही. मेंथॉलने गार वाटतं, पण त्वचा थंड होत नाही. वरचा लेप आतली उष्णता धरून ठेवतो, साबण आणि पूड दुखऱ्या जागी जाते आणि जखम मोठी असेल तर डॉक्टरांना ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं. आईला हे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मग घड्याळ घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

९ जून

भोकांच्या फळीला तीन आठवडे झाले. पहिल्यातली पेस्ट वरून टणक, पण टाचणी घातली तर आत रबरासारखी मऊ. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन ओलावा सोडत नाहीत, तेच तर त्यांचं काम. कडेने आक्रसून गोल फट पडलीये. ओलं कापड फिरवलं तर पांढरं पाणी आलं. दुसऱ्यावरचा रंग मधोमध तडकलाय. पुट्टी घासून सपाट केली आणि आता बोटाला भोक सापडत नाही.

७ जुलै

हेडलाइट, सहा आठवडे. उजवा होता तसाच. डावा पुन्हा धूसर होऊ लागलाय, वरच्या कडेला, जिथे ऊन सरळ पडतं. अपेक्षितच होतं: मी मेलेला लेप काढला आणि उघडं पॉलिकार्बोनेट उन्हात सोडून दिलं.

२० जुलै

डावा आता लांबूनही पिवळट दिसतो. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही दिवे चालू केले. उजव्याच्या प्रकाशाची वरची कड सुरीने कापल्यासारखी, डाव्याचा उजेड वर-खाली सांडलेला. समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत तोच जातो. बाबाही आले होते, नव्या काचेच्या चष्म्यातून डाव्या दिव्याकडे बघत म्हणाले, "हा बघ, हाच पिसारा."

रविवारी डावा ८०० वर घ्यायचा. अतिनीलरोधक लेप अर्धा डबा शिल्लक आहे, दादाने वॉटर पेपर आणून ठेवलाय.